अंजनाच्या नावापुढचा अ

मी घाबरट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी ‘सर, तुम्ही असं कसं वागलात’ म्हणून विचारायला नको. तासिका तत्त्वावर नऊ वर्षं शिकवतोय. जुलैत नेमणूक, एप्रिलात निरोप, आणि मधले दोन महिने पुढच्या यादीत आपलं नाव आहे की नाही या विचारात घालवायचे. असल्या नोकरीत धाडसी माणूस टिकत नाही. मी टिकलो.

विषय माझा सहकार. कॉलेज बीडमधलं, साखर कारखान्याच्या संस्थेचं, त्यामुळं एके काळी या विषयाला पोरं रांगा लावायची. मग सलग दोन वर्षं पाऊस झाला नाही, ऊस गेला, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि सहकार शिकून काय करायचं हे पोरांना कळेना. त्याच सुमारास सरकारची एक योजना आली आणि आमच्या कॉलेजला कम्युनिटी कॉलेजचा आणखी एक बोर्ड लागला. सहा-सहा महिन्यांचे कोर्स. शिवणकाम, मोटार दुरुस्ती, आणि तिसरा पाणी तपासणी व शुद्धीकरण. दुष्काळी जिल्हा, त्यामुळं हा तिसरा लगेच मंजूर झाला. शिकवायला कोणी नव्हतं. रसायनशास्त्राचे सर निवृत्त झाले होते आणि ती जागा भरलीच नव्हती. प्राचार्य सुंदरराव व्हरांड्यातून चालले होते, मी समोर दिसलो.

“राधाकिशन, तुमी घ्या की ते पान्याचं.”

“सर, माझा विषय सहकार आहे.”

“पान्यालाच सहकार लागतो,” ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसत पुढं गेले. मीही हसलो. यादी त्यांच्या हातात असते.

एका पुस्तकाची झेरॉक्स मिळाली. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण काही पानं वाचता यायची आणि काही पानांवर नुसतं काजळ होतं. तरी मी शिकवलं. टँकरचं पाणी पिण्याजोगं आहे का हे बघायची साधी चाचणी असते, तिला सगळे ओटी टेस्ट म्हणतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. पाणी पिवळं झालं की नापास, नितळ राहिलं की पास. पोरांच्या हे झटकन लक्षात राहिलं. पास-नापास हा शब्द आमच्याकडं सगळ्यांना कळतो.

आता गुण कसे द्यायचो तेही सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. लेखी चाळीस, प्रात्यक्षिकाची वही तीस, तोंडी वीस, हजेरी दहा. पंचाहत्तरच्या वर अ श्रेणी, साठच्या वर ब, पंचेचाळीसच्या वर क. खरी मेख वहीत होती. प्रयोगाचं सामान संस्थेनं आणलंच नाही. मागणीचं पत्र मी तीन वेळा दिलं, चौथ्यांदा द्यायची हिंमत झाली नाही. मग प्रयोग फळ्यावर व्हायचे. मी नळी काढायचो, नळीत पाणी काढायचो, वरून पडणारा थेंब काढायचो. पोरं ते वहीत उतरवायची, निरीक्षणाच्या रकान्यात न केलेलं निरीक्षण लिहायची आणि मी लाल पेनानं सही ठोकायचो. वहीला खाकी कव्हर, समास आखलेला, अक्षर टपोरं, की तीसपैकी सत्तावीस. अक्षर कोंबडीचे पाय, की अठरा. कुणी उगाच नाक मुरडू नये, हे पुष्कळ ठिकाणी असंच चालतं.

वर्गात नावं चौतीस. नावं दिवाळीच्या तोंडावर घातली, आणि दिवाळी झाली तशी, वर्ग नीट सुरू व्हायच्या आतच, त्यातली अकरा ऊसतोडीला गेली. त्यांत एक अंजना होती, शिरूर कासारकडची. बाप म्हाळू मेंढरं राखायचा. पहिल्या वर्षीच्या दुष्काळात मेंढरं विकली आणि म्हाळू आणि ताराबाई नवरा-बायको कोयत्यावर जायला लागले. आमचा कोर्स निघाला त्या वर्षी ताराबाईच्या पाठीनं दगा दिला. तोडीला माणसं जोडीनं मोजतात. जोडी म्हणजे एक कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. म्हणून बापाच्या जोडीला अंजना गेली. जाण्याआधी मला सांगायला आली होती.

“सर, पाडव्याला येते मी. तंवर माझं नाव काढू नका.”

मी नाव काढलं नाही. परीक्षा मात्र पाडव्याच्या आधीच झाली.

रजिस्टर भरताना परीक्षेला न आलेल्या त्या अकरा जणांच्या नावांपुढं श्रेणीच्या रकान्यात मी ‘अ’ लिहिला. अनुपस्थितचा अ. मी ज्या शाळेत शिकलो तिथले हेडमास्तर तसंच लिहायचे. बाकी सगळं कॉलेज गैरहजरला ‘गै’ लिहितं, पण मला तो गै दिसायला बरा वाटत नाही. असले नखरे पगारी माणसानं करावेत, तासिकेवरच्या माणसानं करू नयेत, हे मला तेव्हा सुचलं नाही.

ऑफिसातल्या भारतनं रजिस्टर बघून यादी टाइप केली आणि प्रमाणपत्रं छापून परस्पर वाटूनही टाकली. मला पत्ता लागला तो मे महिन्याच्या सुरुवातीला. कारखान्यानं आठ चारा छावण्या उघडल्या होत्या. गावोगावची जनावरं तिथं आणून बांधायची, आणि त्यांच्याजवळ घरची माणसंही राहायची. तिथं येणारा प्रत्येक टँकर तपासायला एकेक माणूस हवा होता. कारखान्याचे आणि संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव साहेब म्हणाले, आपलीच पोरं घ्या, अ श्रेणीवाली आधी. यादी नोटीस बोर्डावर लागली. पहिलं नाव हरिबाचं. तो माझा खराखुरा पहिला आलेला विद्यार्थी, एक दिवस गैरहजर नाही, वहीला सत्तावीस. दुसरं नाव मी बोर्डावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. अंजना म्हाळू, श्रेणी अ. बाकीचे दहा तोडीवरून परस्पर शहराकडं कामाला गेले होते, म्हणून ते यादीत नव्हते.

मी धावत भारतकडं गेलो.

“भारत, अंजनाला अ का दिलास तू?”

“मी कावून देऊ, सर? तुमीच दिलाय.” त्यानं रजिस्टर उघडून माझ्यापुढं धरलं. “हे बघा. तुमचंच अक्षर हाय, लई झ्याक.”

“अरे बाबा, तो अनुपस्थितचा अ आहे!”

भारतनं पेन कानामागं खोचलं आणि माझ्याकडं दयेनं बघितलं. “मंग गै लिवायचं ना सर. समदी दुनिया गै लिवती.”

सुंदररावांनी ऐकून घेतलं. केबिनचं दार लोटून घ्यायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं की आता काय ऐकावं लागणार.

“किती जणांला ठावं हाय?”

“मी, भारत आणि आता तुम्ही.”

“तिघांतच ऱ्हाऊ द्या. प्रमाणपत्रावर साहेबांची सही हाय. साहेबांनी चुकीच्या कागदावर सही केली असं तुमी म्हननार का? म्हना. मी अडवत न्हाई.” मग आवाज खाली आणून अगदी मायेनं म्हणाले, “जुलैची यादी करायला घेतलीय, राधाकिशन.”

मी गप्प बसलो. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि दोन्ही गोष्टी एका वेळी वाटत असल्या की माणूस भीतीचंच ऐकतो. निदान मी ऐकलं.

त्या दिवसापासून माझी झोप, जेवण सगळं बिघडलं. अंजनाची छावणी शिरूर कासारच्या बाहेर माळावर. तिथं सहाशे जनावरं आणि तीनशेच्या वर माणसं, त्यांत तान्ही पोरंही. सगळे एकाच टाकीचं पाणी पिणार. आणि त्या टाकीत कुठला टँकर रिकामा होऊ द्यायचा हे ठरवणार कोण, तर जिनं कधी फळ्यावरची नळीसुद्धा बघितली नाही ती मुलगी. एक खराब टँकर तिनं आत सोडला की संपलं. तिला ते काम माझ्या एका अक्षरानं मिळालं होतं. तिचं काम काढून घ्यायला लावावं तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडावं तर नोकरी जाणार. अशा वेळी माझ्यासारखा माणूस काय करतो? पेपर वाचतो. रोज सकाळी जिल्ह्याचं पान मी उभ्या-उभ्या वाचायचो आणि त्यात एकच शब्द शोधायचो, गॅस्ट्रो. नाही सापडला की चहा घशाखाली उतरायचा. बायको म्हणाली, पेपरात एवढं काय हरवलंय तुमचं? मी म्हणालो, हवामान बघतोय. ती म्हणाली, त्यात काय बघायचंय, ऊनच आहे.

तेराव्या दिवशी तो शब्द सापडला. छावणी शेजारच्या जिल्ह्यातली होती, आमच्या कारखान्याचीही नव्हती. तीस जण दवाखान्यात, एक लहान मूल दगावलं. मी ती बातमी तीनदा वाचली. मग मी झेरॉक्सची पानं पिशवीत टाकली, मोटारसायकल काढली आणि बायकोला सांगितलं की परीक्षेचं काम आहे. मनात बेत असा, की अंजनाला गुपचूप बाजूला घ्यायचं, चाचणी शिकवायची, पिवळं म्हणजे नापास एवढं तरी डोक्यात बसवायचं आणि परत यायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

बीड सोडलं तेव्हा अकरा वाजले होते. रस्ता तव्यासारखा तापलेला. निम्म्या वाटेवर हरिबाची छावणी लागते. तिथं थांबलो, सावलीसाठी, आणि खरं सांगायचं तर जिवाला जरा आधार म्हणून.

“अवो सर! तुमी? आन् या उनात?” हरिबा पळत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टेबलावर तपासणीची पेटी, शेजारी तीच खाकी कव्हरची वही. मला भरून आलं. तेवढ्यात टँकर आला. हरिबानं नळीत पाणी घेतलं, थेंब मोजून टाकले, नळी उन्हाकडं धरली. पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

“पास,” तो ड्रायव्हरला म्हणाला. मग माझ्याकडं वळून, “पयल्या चार दिसांत पाच गाड्या परत लावल्या, सर. पाक पिवळ्या येयाच्या. आता डायवर लोकं सुधारलीत. आठ दिस झाले, एक गाडी पिवळी आली न्हाई.”

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं माठातलं पाणी दिलं, दोन तांबे प्यालो. माझी बाटलीही त्यानं भरून दिली. निघताना मनाशी म्हणालो, राधाकिशन, तू अगदीच वाया गेलेला मास्तर नाहीस. तेरा दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि ते पुढचे वीस किलोमीटर टिकलं.

शिरूरच्या माळावर पोचलो तेव्हा टाकीपाशी बायकांची रांग होती. हंडे, घागरी, कॅन, सगळे भांड्याला भांडं लावून उभे. टँकर मागं घेऊन लावलेला. पालथ्या बादलीवर अंजना बसली होती. उन्हानं पार काळवंडलेली, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून दिसत होते. तिनं नळी वर धरली. मी दहा-पंधरा पावलांवर होतो, पण मला स्पष्ट दिसलं. पाणी पिवळं झालं होतं. हळदीच्या पाण्यासारखं.

अंजनानं हात वर केला. “सोडा!”

ड्रायव्हरनं व्हॉल्व्ह फिरवला आणि पाणी टाकीत पडायला लागलं.

मी मोटारसायकल स्टँडला न लावताच सोडली. ती पडली. मी ओरडत पळालो, “थांबवा! पाणी थांबवा! कुणी पिऊ नका!” माझा आवाज इतका मोठा असेल हे मलाच ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरनं घाबरून व्हॉल्व्ह बंद केला. बायका मागं सरकल्या. एका बाईनं पोराच्या तोंडाचा पेला हिसकावून घेतला. मी धापा टाकत टाकीसमोर उभा राहिलो आणि जे तेरा दिवस कुणाला सांगितलं नव्हतं ते तीनशे माणसांसमोर बोलून गेलो.

“हिला काही येत नाही! ही माझ्या वर्गात नव्हती. परीक्षेला बसली नाही. हिला अ चुकून मिळालाय, चुकून!”

जनावरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. रांगेत ताराबाई होती, तिनं पदर तोंडाला लावला. म्हाळू कडब्याचा भारा खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मला त्यांच्याकडं बघवेना. पण पाणी थांबलं होतं, आणि मी स्वतःला बजावत होतो की तेच महत्त्वाचं.

अंजना उठली. रडली नाही. ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, जरा दम धरा,” आणि मला म्हणाली, “सर, इकडं सावलीत या.”

पत्र्याच्या आडोशाला तिनं मला बसवलं. “मला ठावं हाय सर, ते.”

“काय ठाऊक आहे?”

“माझा अ खोटा हाय ते. कागुद हातात आला तवा मला वाटलं, अनुपस्थितचा अ आसल. सहा म्हैने मी नव्हतेच की. मी तो पत्र्याच्या पेटीत टाकून दिलता. मंग छावणीचे म्यानेजर घरी आले, म्हनले तुझा वरचा नंबर हाय, चल. माझं तर पानी पानी झालं. एवढ्या लोकांचं पानी, आन् मला कायबी येत न्हाई. आईला सुदीक सांगितलं न्हाई. तशीच उपकेंद्रात चंद्रभागा सिस्टरकडं गेलते. त्यांनी तीन दिस बसवून शिकवलं. आजून रोज सांच्याला त्यांला इचारूनच घरी जाते. लई भ्या वाटतं सर, रोज.”

“मग पिवळं पाणी आत कसं सोडलंस?” मी जवळजवळ किंचाळलो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मी चेष्टा करतोय की काय असं तिला वाटलं असावं.

“पिवळं झालं म्हनूनच सोडलं. पिवळं म्हंजी पान्यात पावडरीचं औषध हाय. जंतू मेलेत. पिवळं न्हाई झालं तर औषधच न्हाई, ते पानी प्यायचं न्हाई.”

“काहीतरीच! पुस्तकात...” मी पिशवीतनं झेरॉक्स काढली. पान शोधलं. कृती दिली होती, थेंब किती टाकायचे ते होतं, आणि खाली निष्कर्षाच्या जागी काजळ. नुसतं काजळ. ते पान मी वर्गात वाचून दाखवलं होतं. निष्कर्ष तिथं वाचताच येत नव्हता, मग मी काय वाचलं होतं? पाण्याला रंग आला तर पाणी खराब, हे मी माझ्याच मनानं धरलं होतं. इतकं उघड वाटलं होतं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

अंजनानं तपासणीची पेटी आणून झाकण माझ्यापुढं धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र होतं. नितळ पाण्याच्या नळीवर लाल फुली. पिवळ्या नळीपुढं बरोबरची खूण. “हे बघा की. पेटीवरच हाय.”

तीच पेटी हरिबाच्या टेबलावर होती. पण त्याला झाकण बघायची गरज काय? त्याच्याकडं वही होती, माझ्या सहीची.

तिची नजर माझ्या हातातल्या बाटलीवर गेली. “हे पानी कुठलं, सर?”

मी सांगितलं. तिनं बाटलीतलं थोडं पाणी दुसऱ्या नळीत ओतलं, थेंब टाकले, नळी उन्हाकडं धरली. आम्ही दोघं बघत राहिलो. मी मनातल्या मनात त्या पाण्याला विनवत होतो, हो बाबा पिवळं, थोडं तरी हो. पाणी नितळच राहिलं. खरं तेच सांगतो, पहिल्यांदा मला माझ्याच पोटाची भीती वाटली. दोन तांबे प्यालो होतो. हरिबाच्या छावणीवरची माणसं त्यानंतर आठवली.

“त्यानं पिवळ्या गाड्या परत लावल्या,” मी म्हणालो. “पाच गाड्या. आता एकही पिवळी येत नाही म्हणत होता.”

“कशाला येईल? डायवर लोकांला आधीच पावडर टाकायचा कट्टाळा. टाकली की गाडी परत जाती म्हनल्यावर त्यांनी टाकायचंच बंद केलं आसल.” मग तिला पूर्ण अर्थ कळला आणि तिनं तोंडावर हात ठेवला. “आगं आई. आठ दिस.”

मी फोन काढला. तेवढ्यात रांगेतनं आवाज आला, “पोरी, पानी मिळतंय का? का ह्या सरांचं ऐकायचं? ते तर म्हनत्यात तुला येत न्हाई.” एका पोराला तहान लागून ते रडत होतं, आणि त्याची आई भरलेल्या पेल्यावर तळहात झाकून उभी होती. माझ्यावर विश्वास ठेवून उभी होती.

मी उठून टाकीपाशी गेलो. “पाणी चांगलं आहे,” मी म्हणालो. “प्या. हिला येतं. मला येत नाही.” लोकांनी माझ्याकडं बघितलं, मग अंजनाकडं. तिनं मान हलवली तेव्हा ड्रायव्हरनं व्हॉल्व्ह फिरवला.

हरिबाला फोन लागला. मी भरभर सगळं सांगितलं. पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“हरिबा?”

“पन सर, वहीत तर तसंच हाय. समोर उघडून बसलोय. पिवळे झाल्यास नापास. खाली तुमची सही हाय.”

“ते चूक आहे रे. माझी चूक आहे. टाकीचा नळ बंद कर. पावडर आण, टाकीत टाक. कुणाला पिऊ देऊ नकोस. कुणी आजारी नाही ना?”

त्याचा आवाज एकदम लहान झाला. “सकाळधरनं सहा जन झोपून हायेत सर. दोन ल्हानी पोरं हायेत. आमाला वाटलं ऊन लागलं.”

अंजनानं माझ्या हातातनं फोन घेतला. “हरिबा, मी अंजना. रडू नको, ऐक. आदी सरकारी गाडी बोलाव. एक-शून्य-आठ. मंग नळ.” ती त्याला एकेक गोष्ट सांगत राहिली, पावडर किती, पाणी किती, थांबायचं किती वेळ. म्हाळू भारा टाकून जवळ आला होता. मी खाली धुळीत बसलो होतो.

फोन ठेवून ती म्हणाली, “सर, आठ छावण्या हायेत. हितं मी हाय, तितं हरिबा. बाकी सहा ठिकानी कोन हाय?”

सगळे माझ्या वर्गातलेच होते. पूर्ण हजेरीचे. मी यादीतला पुढचा नंबर लावला, तलवाड्याच्या छावणीवरच्या बंकटचा. दुसऱ्याच रिंगला त्यानं उचलला. मागं टँकरचं इंजिन धडधडत होतं, बायकांचा गलका ऐकू येत होता. मी तोंड उघडायच्या आतच त्याचा आनंदी आवाज आला.

“सर! शंभर वर्षं आयुष्य तुमाला. आत्ताच तुमची आठवन काढली. ह्यो डायवर म्हनत व्हता, पावडर टाकू का. मी म्हनलं, टाकून तर बघ बे, परत लावतो गाडी. चार दिवसांत एक पिवळी गाडी आत सोडली न्हाई. तुमी शिकवलेलं लई कामाला येतंय, सर.”